सूर्य न येणाऱ्या खोलीत लवंगी मिरची: परळच्या चाळीतल्या नोंदी

२ फेब्रुवारी

खोली दहा बाय बारा, चाळीचा दुसरा मजला. खिडकीत पूर्वी सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन यायचं. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि ऊन गेलं. मोबाईलमधल्या लक्स मीटरने (लक्स म्हणजे उजेडाचं माप) खिडकीच्या कट्ट्यावर भर दुपारी मोजलं तर आठशेच्या आसपास आकडा येतो. गच्चीत उन्हात तोच मोबाईल लाखाच्या घरात जातो. फळ धरणाऱ्या झाडाला आठशे लक्समध्ये जगणंच कठीण, मिरच्या कुठून येणार? गच्चीत गळतीमुळे कुंड्या ठेवायला मनाई आहे आणि गॅलरी ही सगळ्यांची वाट. म्हणून झाड घरातच, माळ्याखालच्या लोखंडी मांडणीत. मधला खण रिकामा केला आहे: दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल, अडीच फूट उंच.

कमी पैशात घरात दिव्याखाली झाड कसं वाढवायचं, हे सगळ्यात बारकाईने लिहून ठेवलंय ते परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांनी. साधे एलईडी बल्ब, कपाट, बादली, कॉम्प्युटरचा पंखा, सगळं त्यात आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं रोप लावणं गुन्हा आहे, आणि आम्हाला हवी आहे ती मिरचीच. तेव्हा दिवा, पंखा आणि कुंडीची पद्धत त्यांची घ्यायची, रोप मिरचीचं लावायचं आणि मुंबईच्या हवेत ती पद्धत किती चालते ते लिहून ठेवायचं.

बजेट दीड हजार रुपये. बी मामांनी कोल्हापूरहून पाठवलं आहे, लवंगीचं. सासूबाईंनी लालबागच्या मिरची गल्लीतून आणलेल्या वाळक्या संकेश्वरीतल्या थोड्या बियाही काढून दिल्या. दोन्ही रात्रभर पाण्यात भिजत टाकल्या.

३ फेब्रुवारी

भिजलेलं बी ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं आणि डबा फ्रिजच्या वर. मिरचीच्या बियांना उगवायला पंचवीस ते तीस अंश लागतात. परदेशी माहितीत यासाठी गरम होणारी चटई विकत घ्यायला सांगतात. फ्रिजच्या माथ्यावर थर्मामीटर २९ दाखवतो, खर्च शून्य.

थर्मामीटर मात्र विकतच घेतला, तापमान आणि हवेतला ओलावा दोन्ही दाखवणारा, १८० रुपये. बजेट तंग असताना हा खर्च आधी जड वाटतो. पुढे काय बिघडलं हे कळायला त्याच्याशिवाय काही साधन नाही, म्हणून तो यादीत ठेवावा असं माझं मत.

६ फेब्रुवारी

रोपं दिव्याखाली ठेवायची पेटी तयार. कोळणीकडून थर्माकोलची माशांची पेटी पन्नास रुपयांत मिळाली. मिठाच्या आणि मग लिंबाच्या पाण्याने धुवून वास घालवला. आतून स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवली, ९० रुपये. झाकणाला भोक पाडून त्यातून बल्ब खाली सोडला. बल्ब जांभळा ‘ग्रो बल्ब’, पाकिटावर ८० वॅट, किंमत ३५० रुपये. दिसायला सगळं अगदी चित्रासारखं झालं आहे.

१३ फेब्रुवारी

लवंगीचं जवळजवळ सगळं बी फुटलं. संकेश्वरीचं मोजकंच. पांढरं मूळ नखाएवढं झालं की लगेच मातीत घालावं. कापडात जास्त ठेवलं की मूळ धाग्यात अडकतं आणि सोडवताना तुटतं.

रोपांसाठी कागदी कप, त्यात भिजवलेलं कोकोपीट आणि गांडूळखत, तीनाला एक. कोकोपीटची वीट ६० रुपये, गांडूळखताची पिशवी ५०. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घेतलं, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. पहिलं पाणी चहासारखं तांबडं निघतं, ते ओतून द्यायचं.

१९ फेब्रुवारी

रोपं नुसती उंच चालली आहेत. पहिल्या दोन गुळगुळीत पानांच्या खाली दोरा असावा तसा देठ, आणि सगळी एका बाजूला कललेली. प्रकाश कमी पडतोय. पण ८० वॅट लिहिलेल्या बल्बखाली कमी कसा पडेल? म्हणून आज मोजमाप केलं. ही युक्ती कुणालाही जमेल, म्हणून सविस्तर लिहिते.

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ छापलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, टीव्हीची बटणं, मोबाईलचे चार्जरसुद्धा. फक्त ग्रो बल्ब चालू ठेवला. शेजारचा सातवीतला मुलगा जिन्याखाली मीटरपाशी वही घेऊन बसला आणि पंधरा मिनिटं मोजत राहिला. नऊ लुकलुकी. म्हणजे तासाला छत्तीस, म्हणजे छत्तीस भागिले ३२०० युनिट, म्हणजे जेमतेम सव्वाअकरा वॅट. पाकिटावरचे ८० वॅट कुठेच नाहीत.

मग न्हाणीतला साधा बारा वॅटचा पांढरा बल्ब लावून तेवढाच वेळ मोजलं. लुकलुकी तेवढ्याच. ११० रुपयांचा बल्ब तितकीच वीज घेतो, प्रकाश डोळ्याला कितीतरी जास्त, आणि त्या प्रकाशात पान पिवळं आहे की हिरवं ते दिसतं. जांभळ्या उजेडात सगळंच काळपट दिसतं, रोग लागला तरी कळणार नाही. ग्रो बल्ब काढून टाकला.

२१ फेब्रुवारी

लोहार चाळीत जाऊन आले. बारा वॅटचे चार पांढरे बल्ब, ६५०० केल्विनचे म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे, ४४० रुपये. चार होल्डर १०० रुपये. वायर, थ्री-पिन टॉप आणि प्लायची पट्टी मिळून १३०. चार वेगळ्या बल्बांऐवजी एक लांब ट्यूब स्वस्त पडली असती, पण चार फुटी ट्यूबचा निम्मा उजेड एका झाडाच्या बाहेरच पडतो. एका झाडासाठी बल्बच बरे, हवे तसे जवळ आणता येतात.

जोडणी खालच्या मजल्यावरच्या काकांनी करून दिली. ते निवृत्त वायरमन. मी होल्डर थेट मांडणीच्या लोखंडी पट्टीला बांधणार होते. ते बघताच त्यांनी हात धरला.

“हे बघ बाळा, लोखंडाला होल्डर लावायचा नाही. पाणी घालणार तूच, ओल्या हाताने मांडणी धरणार तूच. लाकडावर लाव. आणि वायरला टॉपच्या आधी खाली झोळ ठेव, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून खाली पडेल, टॉपमध्ये शिरणार नाही.”

बल्बवरची पांढरी टोपी काढली तर उजेड वाढतो, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. काकांनी त्याला साफ नकार दिला. टोपीखालच्या पट्टीवर थेट घरातला करंट असतो, आणि आपण खाली फवारा मारणार. टोप्या जागच्या जागी आहेत आणि तशाच राहतील.

उजेडाचं गणित मात्र अंतरावर चालतं. पानापासून एक फुटावर लक्स मीटर साडेपाच हजार दाखवतो. अर्ध्या फुटावर आणलं की अठरा हजार. तेच बल्ब, तीच वीज. एलईडीची आच कमी असल्याने इतकं जवळ चालतं. पानाच्या उंचीवर हाताची मागची बाजू मिनिटभर धरायची. हाताला ऊब सोसवली तर पानाला सोसवते. पट्टी दोन सुतळ्यांवर टांगली आहे, झाड वाढेल तशी वर ओढता येईल.

२६ फेब्रुवारी

पेटी काढून टाकली. या कामातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

चार बल्ब पेटीत सोडले आणि झाकण लावलं, तर दुपारी आतलं तापमान ३८ आणि ओलावा ९० टक्के. बाहेर खोलीत तेव्हा २८ अंश होते. दोन दिवसांत निम्मी रोपं मातीलगत काळी पडून आडवी झाली. शेतीत याला रोप कोलमडणं म्हणतात. ही बुरशी मातीतलीच. ओली ऊबदार कोंदट हवा मिळाली की ती रोपाचा गळा धरते. कोलमडलेलं रोप वाचत नाही. ती कपासकट फेकली, उरलेली मोकळ्या हवेत काढली.

बंद पेटी, फॉइल, झाकण हे सगळं थंड आणि कोरड्या देशांसाठी आहे. तिथे ऊब आणि ओल कोंडून ठेवावी लागते. मुंबईत फेब्रुवारी सरता सरता खोलीतच ऊब आहे, आणि ओल तर समुद्राची बाराही महिने. आपल्याला कोंडायचं काहीच नाही, बाहेर काढायचं आहे. आता मांडणीचा खण तिन्ही बाजूंनी मोकळा. मागच्या भिंतीला चुन्याचा हात मारलेला पुठ्ठा उभा केला आहे. लक्स मीटरवर चुन्याचा पुठ्ठा चुरगळलेल्या फॉइलपेक्षा कमी भरला नाही, आणि तो गरम होत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा जुना पंखा आणला, ८० रुपये. बारा व्होल्टचा. बंद पडलेल्या राउटरचा अडॅप्टर घरात होता, तो काकांनी जोडून दिला. पंखा पानांवर थेट रोखलेला नाही, थोडा वरून तिरपा. पानं हलकी हलत राहतील इतपत.

१२ मार्च

चार रोपं उरली. त्यातलं सगळ्यात बुटकं आणि जाड देठाचं घरी ठेवलं, बाकीची मजल्यावर वाटली. उंच रोप बघून निवडायचा मोह होतो. दिव्याखाली बुटकंच कामाचं.

मोठी कुंडी म्हणून रंगाऱ्याकडून दहा लिटरचा रिकामा डबा घेतला, पाण्यात मिसळायच्या रंगाचा, ४० रुपये. तापवलेल्या सळईने बुडाला भोकं पाडली. आधी तेलाचा पारदर्शक कॅन वापरायचं ठरलं होतं, पण पारदर्शक भांड्यात मुळांना उजेड लागतो आणि आतून शेवाळ धरतं. भरण: कोकोपीट, गांडूळखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड, ती ४० रुपयांची. लाल माती मुद्दाम घेतली नाही. एक तर पोतं दोन जिने चढवायचं, आणि रस्त्याकडेच्या मातीत किडे, अंडी, तणाचं बी सगळं येतं.

रोप लावताना पहिल्या पानांपर्यंत खोल गाडलं, म्हणजे लांब झालेला देठ आत गेला.

१८ मार्च

कुंडीवर चिलटं. बारीक काळी, मातीवर धावणारी. त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये राहतात आणि कोवळी मुळं खातात. औषधाआधी पाणी थांबवलं. कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी खाली ओलं असतं, त्यामुळे रोज पाणी घातलं जात होतं. आता डबा उचलून वजनावरून ठरवते: हलका लागला तरच पाणी. पिवळ्या कार्डाला एरंडेल चोपडून कुंडीत खोचलं, त्यावर चिलटं चिकटतात. महिना सरेपर्यंत ती नाहीशी झाली (ही ओळ नंतर जोडली).

३० मार्च

खालची पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. नवी पानं ठीक. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडणं ही मॅग्नेशियमची कमतरता. इथे कारण आपल्या नळातच आहे. मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून. पावसाचं साठलेलं मऊ पाणी, क्षार फार कमी. प्यायला आणि डाळ शिजायला उत्तम. कूपनलिकेच्या जड पाण्यातून झाडाला जे कॅल्शियम-मॅग्नेशियम आपोआप मिळतं ते इथे मिळत नाही, आणि कोकोपीटमध्येही ते नगण्य. नर्सरीतून मॅग्नेशियम सल्फेट घेतलं, २० रुपये. लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी दिवे बंद झाल्यावर पानांवर फवारलं. पिवळी झालेली पानं तशीच राहतात, नवी पानं हिरवी येतात. सुधारणा तिथे बघायची.

९ एप्रिल

दहा-बारा पानं झाल्यावर शेंडा खुडला होता. आता बाजूने चार फांद्या निघाल्या. खणाची उंची अडीच फूट, त्यात कुंडी आणि बल्बची पट्टी गेली की झाडाला जेमतेम सव्वा फूट मिळतो. शेंडा खुडल्याशिवाय हे गणित बसत नाही.

दिव्यांची वेळ पहाटे पाच ते संध्याकाळी सात. आमच्याकडे पाणी पाचला येतं, तेव्हा कुणीतरी उठतंच. पण सुट्टीत गावाला गेलो की दिवे लावणारं कुणी नाही, म्हणून टायमर घेतला, ४२० रुपये. तोवर हातानेच चाललं होतं आणि झाडाला काही झालं नाही. गांजाला फुलं यायला रोज बारा तास सलग अंधार लागतो, त्यामुळे त्या सगळ्या माहितीत वेळापत्रकावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. मिरचीला तशी अट नाही. दिवस लहान असो की मोठा, वय झालं की ती फुलते. एखाद दिवस उशीर झाला तर घाबरू नये. एकाच खोलीत झोपणाऱ्यांच्या डोळ्यांवर रात्री उजेड येऊ नये, हीच वेळ ठरवण्यामागची खरी बाब.

विजेचा हिशेब: ४८ वॅट, चौदा तास, दिवसाला पाऊण युनिटाहून थोडं कमी, महिन्याला साधारण वीस युनिट. बिलात हा खर्च दिसतो. घरचा वापर शंभर युनिटांच्या काठावर असेल तर वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो, ते आधी बघून घ्यावं.

२० एप्रिल

पानं तळहाताएवढी, गडद हिरवी, कळीचा पत्ता नाही. मामांना फोटो पाठवला. ते १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताचं) पाकीट पाठवतात, ते मी लिटरला एक ग्रॅम करून आठवड्याला देत होते, शिवाय दर पंधरवड्याला गांडूळखताचा थर.

“पोरी, नत्र हात आखडून टाक. झाड नुसतं माजतंय. पानात जीव गेला की फुलात येत न्हाई. खत थांबव पंधरा दिस, पाण्याचा जरा ताण दे.”

खत थांबवलं. डबा चांगला हलका होईपर्यंत पाणी नाही, पानं किंचित मलूल दिसली की मग भरपूर.

४ मे

कळ्या आल्या. फांदी जिथे दुभंगते त्या बेचक्यातलं पहिलं फूल खुडलं. ते ठेवलं तर झाडाची ताकद एका मिरचीवर जाते आणि वाढ थांबते.

१५ मे

फुलं गळताहेत. उमलतात, दोन दिवस राहतात, देठ पिवळा होतो आणि हात लावला की पडतात. सासूबाई रोज सकाळी कुंडीतली फुलं वेचून बशीत ठेवतात.

खोलीत दुपारी ३४, दिव्याखाली ३६. रात्री तीन वाजता उठून बघितलं तर ३०. मिरची उष्ण हवेतली म्हणून तिला कितीही ऊन चालतं, हा समज खरा नाही. तिशीच्या वर तापमान गेलं, आणि विशेषतः रात्रही उकाड्याची राहिली, तर परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल गळतं. कोल्हापूरला मे महिन्यात दुपार आमच्यापेक्षा तापते, पण रात्र निवते. मुंबईत रात्र निवत नाही.

केलेले उपाय: दिवे आता संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, म्हणजे दिव्याची आच दुपारच्या उकाड्यात मिसळणार नाही. खणापुढे जुन्या साडीचा जाड पडदा लावला, झोपताना उजेड आडवतो आणि बाजूने हवा खेळते. कुंडीभोवती ओलं गोणपाट. दिव्याखालचं सगळ्यात जास्त तापमान दोन अंशांनी उतरलं. गळ कमी झाली, थांबली नाही. या महिन्यात धरलेल्या मिरच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

२३ मे

शेंड्याची पानं खाली वळली, जाड, चकचकीत, आवळलेली. मामांकडे याला बोकड्या म्हणतात, पुस्तकात चुरडा-मुरडा. पण बोकड्या दोन प्रकारांनी येतो आणि उपाय करण्याआधी ते बघावं. पानाच्या कडा वर वळून द्रोणासारख्या झाल्या तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उपडं झालं तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. आमच्याकडे पानं उपडी, म्हणजे कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दमट उकाड्यात आणि पंख्याच्या वाऱ्याने पसरतो, आणि आमच्याकडे बहुधा गॅलरीतल्या मोगऱ्यावरून आला. त्याची पानंही तशीच होती.

कोळ्यावर गंधकाची फवारणी करतात, पण तिशीच्या पुढच्या उष्णतेत गंधकाने पानं भाजतात, आणि जिथे आम्ही जेवतो-झोपतो त्या खोलीत ती नको होती. वळलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. झाड मोरीत नेऊन आडवं केलं आणि पानांची खालची बाजू नळाच्या धारेने धुतली. मग कडुलिंबाचं तेल, ९० रुपयांची बाटली, लिटरला पाच मिली, त्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही. फवारल्यावर रात्रभर दिवे बंद. ओल्या तेलावर दिवा लागला तर पानांवर डाग पडतात. दर पाचव्या दिवशी हेच. अंडी एका फवाऱ्याने मरत नाहीत, त्यामुळे मध्ये सुटलं की परत पहिल्यापासून. मोगऱ्यालाही तेच केलं.

१४ जून

पाऊस लागला. दोन दिवसांत खोली ३४ वरून २८ वर आली, आणि उमललेली फुलं पहिल्यांदाच टिकली. नवे शेंडेही सरळ येताहेत.

घरात वारा नाही, मधमाशी नाही, पण मिरचीच्या फुलात नर-मादी भाग एकाच ठिकाणी असतात, थोडा हेलकावा मिळाला की पुरतं. सासूबाई रोज अकराच्या सुमारास फांदीला बोटाने टिचकी मारतात. सकाळी लवकर ओलाव्याने पराग चिकटलेले असतात, तेव्हा उपयोग होत नाही. दिव्यांची वेळ परत पहाटे पाच ते संध्याकाळी सात.

आतापर्यंतचा खर्च २,१४० रुपये. दीड हजाराच्या वर गेला. त्यातले पेटी, फॉइल आणि जांभळा बल्ब मिळून ४९० पूर्ण वाया गेले.

५ जुलै

ओलावा ८८ टक्के. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी, वरून पिवळट डाग: भुरी. खालची दाट पानं काढली, म्हणजे बुंध्याजवळ हवा फिरू लागली. पंखा आता दिव्यांबरोबर बंद होत नाही, चोवीस तास चालतो. त्याला वीज जेमतेम दोन वॅट. आता खोली थंड आहे, म्हणून गंधकाची एक फवारणी केली, लिटरला दोन ग्रॅम, गॅलरीच्या टोकाला नेऊन, आणि झाड सुकल्यावरच आत आणलं. भुरी पुढे सरकली नाही.

आंब्याच्या दिवसांत ज्या फांद्या कोळ्यामुळे छाटल्या, तिथेच आता सगळ्यात जास्त फुलोरा आहे.

२१ जुलै

पहिला तोडा. लवंगी बोटाच्या दोन पेरांएवढी, हिरवी, तडतडीत. मूठभर निघाल्या. सासूबाईंनी लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचा केला, वरून कच्चं तेल. मजल्यावर ज्यांनी रोपं नेली होती त्यांना वाटीवाटी दिला. तिखटपणात गावच्या मिरचीपेक्षा कमी नाही. मामांनाही कळवलं. त्यांचं म्हणणं, तोडा वेळेवर कर. मिरच्या झाडावर पिकू दिल्या की नवी फुलं येणं मंदावतं. बियांसाठी एका फांदीवरच्या मिरच्या तांबड्या होऊ दिल्या आहेत, बाकी हिरव्याच तोडते.

९ ऑगस्ट

तोडे चालू आहेत, दर आठवड्याला मूठभर. भाजीवाल्याकडून मिरची आणणं बंद झालेलं नाही, आणि एका झाडावर ते होणारही नाही. पण आई, म्हणजे सासूबाई, ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षं गावच्या परड्यात काढली, त्यांच्या हाताशी आता घरात झाड आहे. माझ्या दृष्टीने केलेल्या खर्चाचा हिशेब तिथे जुळतो.

समोरच्या खोलीतल्या वहिनींसाठी दुसरी मांडणी करतोय. त्यांना दिलेली यादी: चार बल्ब ४४०, होल्डर १००, वायर-टॉप-प्लाय १३०, पंखा ८०, रंगाचा डबा ४०, कोकोपीट, गांडूळखत आणि निंबोळी पेंड १५०. एकूण ९४० रुपये. टायमर, पेटी, फॉइल, ग्रो बल्ब काही नाही. थर्मामीटर माझा आलटून पालटून वापरू. कडुलिंबाचं तेल बाटलीत अजून अर्धं आहे.

वहिनींना मी ऑगस्टअखेर बी घालायला सांगितलं आहे. म्हणजे फुलं नोव्हेंबरात येतील, जेव्हा मुंबईची रात्र निवायला लागते, आणि मे महिन्याच्या आत चांगले चार-पाच महिने तोडे मिळतील. फेब्रुवारीत बी घातल्याने आमचा फुलोरा नेमका उकाड्यात सापडला होता. तांबड्या झालेल्या मिरच्यांचं बी सावलीत वाळत घातलं आहे. त्यातलंच त्या वापरणार आहेत.